जिन्याला सागाच्या फळ्या बसवून आठ महिने झाले

आमचा जिना काँक्रीटचा, वर गुळगुळीत फरशी. एकूण १७ चढ (चढ म्हणजे एका पावलात वर चढायची उंची) आणि १६ पायऱ्या, कारण सतरावा चढ थेट वरच्या मजल्यावरच जातो. आई दोनदा घसरली, तेव्हा आधी चिकटवायच्या गालिच्याच्या पट्ट्या लावून पाहिल्या. काही आठवड्यांत त्यांच्या कडा सुटल्या, आणि सुटलेली कड निसरड्या फरशीपेक्षा वाईट, त्यात पाय अडकतो. मग फरशी न फोडता तिच्यावरच २० मिलिमीटर जाडीच्या सागाच्या फळ्या बसवायचं ठरवलं. काम मी, माझा भाऊ आणि एका सुतारकाकांनी मिळून केलं. आता आठ महिने रोज वापर झालाय, म्हणून लिहितेय.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते, कारण आम्हाला ते बसवून झाल्यावर कळलं. प्रत्येक पायरीवर सारखीच जाडी चढवली तर मधल्या पायऱ्यांमधलं अंतर बदलत नाही. बदलतात ते फक्त दोन चढ, पहिला आणि शेवटचा. आमचा प्रत्येक चढ १७५ मिलिमीटरचा होता. खालची जमीन होती तिथेच राहिली, त्यामुळे पहिला चढ १९५ झाला. वरचा मजलाही होता तिथेच राहिला, म्हणून शेवटचा १५५ वर आला. एकाच जिन्यात ४० मिलिमीटरचा फरक! अमेरिकेतल्या घरांच्या बांधकाम नियमात हा फरक ३/८ इंचापर्यंतच, म्हणजे जेमतेम साडेनऊ मिलिमीटरपर्यंत चालतो.

एवढ्याशा फरकाने काय होतं, हे मी आईच्या पायात पाहिलं. जिन्यावर आपण पायऱ्या मोजत नाही. पहिल्या एक-दोन पायऱ्यांत पायाला उंचीचा अंदाज येतो आणि पुढची पावलं त्याच अंदाजाने पडतात. वरून उतरताना पहिली पायरी १५५ वर लागायची, पाय तोच अंदाज धरायचा आणि दुसरी १७५ वर सापडायची. आई दर वेळी दुसऱ्या पायरीवर किंचित झोकांडायची आणि कठडा घट्ट धरायची. ती म्हणाली, "ही पायरी मला फसवते." आम्ही सगळे लाकडाचा रंग किती छान दिसतोय ते बघत होतो, आणि चूक तिच्या पायाने शोधली.

उपाय म्हणून वरच्या चौकात, म्हणजे जिना संपतो तिथल्या मोकळ्या जागेत, त्याच जाडीच्या फळ्या टाकल्या. वरचा चढ पुन्हा १७५ झाला. पण चौकात उघडणाऱ्या दोन दारांच्या खालच्या कडा काढाव्या लागल्या आणि उंबऱ्यापाशी उतरती पट्टी लावावी लागली. हे सगळं सुरुवातीलाच ठरवलं असतं तर एका दमात झालं असतं. तुम्ही जिना करायला घेणार असाल, तर फळीची जाडी ठरवायच्या आधी खालच्या आणि वरच्या मजल्यावर काय येणार आहे ते ठरवा.

आता मोजमापाबद्दल. सगळ्या पायऱ्या सारख्या दिसतात, पण नसतात. आमच्याकडे सगळ्यात रुंद आणि सगळ्यात अरुंद पायरीत ९ मिलिमीटरचा फरक निघाला, आणि भिंत कुठेच गुण्यात, म्हणजे काटकोनात, नव्हती. सुतारकाकांनी प्रत्येक पायरीसाठी पुठ्ठ्याचा वेगळा साचा कापला आणि त्यावर पायरीचा नंबर लिहिला. तोच नंबर फळीच्या पाठीवर. काम वेळखाऊ होतं, पण आज भिंतीकडची फट कुठेही डोळ्यात भरत नाही.

चिकटवण्याची तयारी कंटाळवाणी असते, पण इथे घाई केली की पुढे भोगावं लागतं. आधी प्रत्येक फरशी टकटक वाजवून पाहिली. दोन ठिकाणी पोकळ आवाज आला, त्या फरश्या काढून तिथे सिमेंटने भर घातली, कारण खालची फरशीच सुटी असेल तर वरचा गोंद कशाला धरणार? मग जाड पॉलिश पेपरने फरशीची चकाकी घालवली. सागात मुळात तेल असतं आणि त्यावर गोंद नीट धरत नाही, म्हणून फळीची पाठ चिकटवण्याच्या अगदी आधी अ‍ॅसिटोनने पुसून घेतली. फळ्या एक सोडून एक बसवल्या. पहिल्या दिवशी सम नंबरच्या, त्या पक्क्या झाल्यावर विषम. त्यामुळे घरातल्यांना दोन-दोन पायऱ्या ओलांडत का होईना, वर-खाली करता आलं. आईची सोय मात्र तेवढे दिवस खालीच केली होती.

एक पायरी फसली, अकरावी. तिच्याखाली गोंदाच्या रेघा लांब-लांब पडल्या होत्या आणि फरशीला मध्ये थोडा खोलगटपणा होता. तिसऱ्या महिन्यात पाय पडला की 'ठप' असा रिकामा आवाज येऊ लागला. काकांनी बारीक भोक पाडून सिरिंजने आत गोंद भरला, रात्रभर वजन ठेवलं आणि भोक त्याच लाकडाच्या भुशाने बुजवलं. त्यानंतर आवाज नाही. पण बसवतानाच पाणसळ (सपाटी तपासायचं साधन) लावून खोलगट जागा पाचरांनी भरली असती तर ही वेळ आली नसती.

पॉलिशच्या बाबतीत आमचा मोठा गैरसमज होता. मॅट पॉलिश म्हणजे न घसरणारं, असं आम्ही धरून चाललो होतो. मॅट ही फक्त दिसण्याची गोष्ट आहे. मोजे घालून उतरलं की पाय सरकायचाच. दुसऱ्या महिन्यात वरचा हात हलका घासून शेवटच्या थरात बारीक खरखरीत पूड मिसळून पुन्हा लावलं. आता अनवाणी पायाला किंचित खरखर लागते आणि पकड खरोखर मिळते. पुसताना फडका थोडा अडकतो, ते मला चालतं.

आणखी एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. सगळ्या पायऱ्या एकाच लाकडाच्या झाल्या की वरून बघताना कडा एकमेकींत मिसळतात. संध्याकाळच्या उजेडात जिना सपाट उतारासारखा दिसायचा. आईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, तिला तर कड दिसतच नव्हती. म्हणून प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेपाशी उथळ खाच पाडून गडद पट्टी बसवली. आता ती खाली न वाकता उतरते.

लाकूड म्हणून सागाबद्दल तक्रार नाही. कोरड्या दिवसांत मागच्या बाजूला मिलिमीटरभर फट दिसते, हवेत ओलावा आला की मिटते. लाकूड रुंदीत हलतं, लांबीत जवळजवळ नाही, त्यामुळे बाजूच्या भिंतींकडे काहीच जाणवत नाही. मधोमध, जिथे सगळ्यांचे पाय पडतात, तिथलं पॉलिश थोडं उतरलंय. पहिल्या चार पायऱ्यांना वर्षअखेरीस पुन्हा एक हात द्यावा लागेल.

खालचा पहिला चढ अजून १९५ चाच आहे. तो बरोबर करायचा तर खालच्या खोलीची जमीन उचलावी लागेल, आणि ते काम पुढच्या कोरड्या मोसमात घ्यायचं ठरलंय. तोपर्यंत त्या पायरीवर दुप्पट रुंद पट्टी लावली आहे, आणि आई तिथे पोचली की आपसूक थांबून मग शेवटचं पाऊल टाकते.