मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं मॉडेल: दिसायला झकास, पण जरा जास्तच परफेक्ट

नर्सिंगच्या पोरींना स्ट्रोक शिकवायला म्हणून हे सर्कल ऑफ विलिसचं, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या कड्याचं मॉडेल ऑनलाइन मागवलं. पॅकिंग व्यवस्थित, स्टँड दणकट, कॅरोटिड (मानेतून पुढून मेंदूकडे जाणारी मोठी नळी) लाल नि मागची बेसिलर (मेंदूच्या मागच्या भागाची नळी) केशरी, शेवटच्या बाकावरूनही दिसतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. तक्रार वेगळीच आहे, सगळ्या नळ्या एकसारख्या जाड आणि कडं अगदी पूर्ण. अहो, असं कडं असतं कितीजणांचं? थॉमस विलिसने १६६४ मध्ये वर्णन केलं तेव्हापासून पुस्तकात हेच गोल कडं, पण प्रत्यक्षात बऱ्याच लोकांत एखादी फांदी बारीक असते नाहीतर नसतेच. एका बाजूची कॅरोटिड तुंबली तर दुसरीकडून रक्त याच जोडरस्त्यांनी येतं, म्हणून सारख्याच ब्लॉकेजने एकाचा नुसता हात जड होतो आणि दुसऱ्याची अख्खी बाजू जाते.

मागचा जोडतुकडा मॅग्नेटवर बसतो आणि सारखा निसटतो, तर आता मी तो मुद्दाम काढूनच ठेवते आणि विचारते, सांगा, आता रक्त कुठून येणार? वर्गात शांतता!

फीटल टाइप, म्हणजे कड्याचा एक वेगळा जन्मजात प्रकार, दाखवायची सोय मात्र अजिबात नाही. त्यात मेंदूच्या मागच्या भागाला रक्त बेसिलरऐवजी कॅरोटिडकडून जातं, म्हणजे गुठळी कॅरोटिडमध्ये आणि नजर गेली अर्धी, आणि आपण बसायचं मागच्या नळीला दोष देत. पर्शरॉनची आर्टरी तर विसराच, ती एकच बारीक फांदी दोन्ही थॅलॅमसना (मेंदूच्या आतले, जागेपणा सांभाळणारे भाग) पुरवते, बंद पडली की पेशंट नुसता झोपाळलेला, लुळेपणा असेलच असं नाही, पहिला साधा सीटी बऱ्याचदा क्लीन, मग घरचे म्हणतात शुगर कमी झाली असेल.

महाधमनीची कमान, जिथून या नळ्या फुटतात ती, पण द्यायला हवी होती. काहींत डावी कॅरोटिड उजवीकडच्या मोठ्या फांदीतूनच फुटते, मग गुठळी ओढून काढायला जांघेतून कॅथेटर (बारीक लवचिक नळी) नेताना असं वळण लागतं की डॉक्टर कधीकधी सरळ उजव्या मनगटातून जातात. आणि इथे तर मिनिटामिनिटाचा हिशेब, म्हणूनच आधी सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी) करून रस्ता बघतात.

बेसिलर किंचित वाकडी आलीये, ते चालेल, म्हाताऱ्या माणसांत तशीच असते. पाचपैकी साडेतीन स्टार. पहिल्या वर्षाला शिकवायला घ्या, पण स्ट्रोक युनिटच्या ट्रेनिंगसाठी घेत असाल तर बदलता येणारे तुकडे असलेलं बघा, थोडं महाग पडलं तरी.