आखाडातला ‘स्मोक्ड मटण फेस्टिवल’: 8,276 रुपयांचा धूर

आखाड पार्टीची तिकिटं पुन्हा विकायला निघाली आहेत, म्हणून आत्ताच लिहितोय. पुण्याबाहेरचं लॉन, पोस्टरवर दोन काळे ड्रम, खाली ओळ: ‘8 तास लाकडावर धुरवलेली बोकडाची रान, अनलिमिटेड’. रान म्हणजे अख्खी मांडी. या धंद्यातल्या बाकीच्या चलाख्या सगळ्यांना माहीत आहेत, त्या परत सांगत बसत नाही.

आम्ही चौघं गेलो होतो. आधी आकडे. तिकीट 1,499, चौघांचे 5,996. बुकिंग साइटची ‘सुविधा फी’ माणशी 45, म्हणजे 180. पार्किंग 100. आत गेल्यावर कळलं की रोख चालत नाही, यूपीआयही चालत नाही, फक्त त्यांचं कार्ड. माणशी 500 भरायचे, त्यातले 100 ‘डिपॉझिट’. म्हणजे आणखी 2,000. एकूण 8,276. आणि ‘अनलिमिटेड’ काय, तर चिकनचे लाल तुकडे, पाव आणि कोबीचं सॅलड. रान वेगळी, 290 रुपयांना 100 ग्रॅम.

लाल तुकड्यांवर एवढंच: मिरचीचा रंग तेलात उतरतो, हाताला नारिंगी लागतो. बोटं धुतली तरी गुलाबी राहिली तर तो डब्यातला रंग. कर्नाटकात 2024 मध्ये कबाबातल्या कृत्रिम रंगावर बंदी घातली ती उगाच नाही.

आता ड्रम. संताप इथेच जास्त आहे, कारण सगळं डोळ्यांसमोर होतं. पावसाची भुरभुर चालू होती आणि ड्रमच्या झाकणावर थेंब मोत्यांसारखे बसले होते. मांस धुरवताना आतलं तापमान 110 ते 120 अंश ठेवतात. साध्या पत्र्याचा, आतून अस्तर नसलेला ड्रम तेवढा तापला की झाकणावर पाणी टिकतच नाही, थेंब पडला की उडतो. इथे थेंब बसलेत, ओघळतायत, आणि लोक ड्रमसोबत सेल्फी काढतायत. चिमणीतून निघणारा धूर दाट पांढरा होता. नीट जळणाऱ्या बाभळीचा किंवा आंब्याच्या लाकडाचा धूर पातळ असतो, निळसर दिसतो. दाट पांढरा धूर म्हणजे ओलं लाकूड, नाहीतर तव्यावर टाकलेला भुसा, म्हणजे निव्वळ देखावा.

लगेच कुणीतरी म्हणेल, दिसत होतं तर आत गेलात कशाला? तिकीट गेटवरच स्कॅन झालं होतं आणि त्यावर बारीक अक्षरात ‘परतावा नाही’. कार्ड भरलेलं. शिवाय ड्रमभोवती दोरी आणि पुढे बाउन्सर. झाकणाला हात लावून बघायला कोण जाणार? लाज वाटते ती फसल्याची नाही, मांस कळतं म्हणून चारचौघांत मिरवायचं आणि असं व्हायचं, याची.

गणितही गेटवरच करता आलं असतं. 200 लिटरच्या ड्रममध्ये जाळीवर हवा खेळती ठेवून पाच-सहा मांड्या मावतात. दोन ड्रम, बारा मांड्या, दोन किलोची एक धरली तर कच्चं मटण 24 किलो. धुरवताना पाणी आणि चरबी जाऊन वजन सुमारे 40 टक्के घटतं. उरलं साडेचौदा किलोच्या आत, हाडांसकट. 400 ग्रॅमची प्लेट धरली तर होतात छत्तीस प्लेटा. लॉनवर शेकडो माणसं. एक खेप व्हायला पाच-सात तास लागतात, म्हणजे दुपारी बाराला वाढायचं तर विस्तव पहाटे पाच-सहाला हवा. ड्रमखाली घमेलंभर राख तरी दिसायला नको? शेडच्या मागच्या बाजूला मात्र मोठे टोप होते आणि कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

ताटात आलेलं मटण उकडून, वरून गॅसच्या बर्नरने करपवून, कोळशाचा धुंगार देऊन सॉसने माखलेलं होतं. ओळखायचं कसं? तुकडा आडवा कापा. लाकडाच्या धुरातला वायू मांसातल्या लाल द्रव्याशी जोडला जातो आणि पृष्ठभागाखाली काही मिलिमीटर गुलाबी पट्टा तयार होतो. हे मांस कच्चं असतानाच घडतं. आधीच शिजलेल्या मटणाला कितीही धुंगार द्या, पट्टा येत नाही. कडेपासून हाडापर्यंत एकच राखाडी रंग. (क्युरिंगचं, म्हणजे मांस टिकवायचं, मीठ चोळून पट्टा खोटा आणता येतो, पण या मंडळींनी तेवढेही कष्ट घेतले नव्हते.) दुसरी खूण पापुद्र्याची. खऱ्या धुरवलेल्या मांडीवर मसाल्याचा कोरडा, काळपट, दाताला लागणारा थर असतो. इथे चकचकीत गोड सॉस. उकडलेल्याचे धागे ओलसर आणि फिके लागतात, चव सगळी टोपातल्या पाण्यात गेलेली असते. आणि वरचा थर पिठासारखा लागला तर मटण मऊ करायला लावलेली कच्ची पपई जास्त झाली, किंवा फार वेळ ठेवली.

बोकड की मेंढी, तेही विचारा. बोल्हाईचंच, म्हणजे फक्त मेंढीचं मटण, खाणारी घरं पुण्यात कमी नाहीत. त्यांच्यासाठी हा चवीचा प्रश्नच नाही. काउंटरवरच्या पोराचं उत्तर होतं, “मटण आहे, सर.”

काटा. 400 ग्रॅमचे 1,160 रुपये घेतले. फॉइलचा ट्रे काट्यावर ठेवून शून्य केला नव्हता. तो 36 ग्रॅमचा. चोखलेली हाडं फॉइलमध्ये बांधून आणली होती, घरच्या काट्यावर भरली 130 ग्रॅम. राहिलं 234 ग्रॅम मांस, म्हणजे किलोला 4,950 च्या वर. रिकामा ट्रे ठेवून काटा शून्य करायला लावा, मगच मटण. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी करून घ्यावी लागते. शिक्का आणि प्रमाणपत्र मागा. ‘ऑफिसात आहे’ म्हणाले की पुढच्या स्टॉलवर.

20 रुपये छापलेल्या पाण्याच्या बाटल्या दोन, 80 रुपये. कार्डात उरले 360, वर डिपॉझिट 400. परताव्याचं काउंटर जेवणं चालू असतानाच बंद. ते 760 गेले.

आता तक्रारीची कथा. पोलीस चौकीत पहिलाच प्रश्न, “जेवण आवडलं नाही म्हणून आलात?” मग हे दिवाणी प्रकरण आहे, ग्राहक मंचात जा. अन्न व औषध प्रशासनात विचारलं, नमुना कुठे आहे? रविवारी संध्याकाळी लॉन रिकामं झालं, सोमवारी नमुना आणायचा कुठून? रविवारी फोन उचलायला तर कुणी नव्हतं! वजन-मापं तपासणाऱ्या वैधमापनवाल्यांनी आधी तालुका विचारला, मग हद्द दुसऱ्या निरीक्षकाची निघाली, तो दौऱ्यावर. बाटलीच्या भावाबद्दल ऐकवलं की हॉटेलांना छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतं, 2017 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. निकाल आहे, पण दोरी लावून मांडलेलं टेबल हॉटेल कधीपासून झालं? बुकिंग साइट म्हणते आम्ही फक्त मध्यस्थ. 45 रुपये घेताना मध्यस्थ नव्हतात! राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, आयोजकाला मेल गेला, आयोजकाने उत्तर दिलं नाही आणि तक्रार ‘निकाली’.

अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम 40 खाली ग्राहक स्वतः फी भरून नमुना तपासून घेऊ शकतो. ही गोष्ट कुठल्याही खिडकीवर आपणहून कुणी सांगितली नाही.

स्टॉलवरचा 14 आकडी अन्न परवाना क्रमांक फोटोत घ्या आणि फॉसकॉस या सरकारी परवाना पोर्टलवर तिथेच टाकून बघा. दुसऱ्याच गावातल्या बेकरीचा निघू शकतो. पोस्टरचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी ठेवा. कार्यक्रम संपला की ‘अनलिमिटेड’ शब्द पोस्टमधून गायब होतो, इथेही झाला.

ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, अर्ज ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या करता येतो. अडतं ते समोरच्या पक्षाच्या पत्त्यावर, कारण तिकिटावर फक्त इन्स्टाग्रामचं नाव असतं. कार्ड भरल्याची पावती फेकू नका. तिच्यावरचा 15 अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकला की फर्मचं खरं नाव आणि नोंदणीचा पत्ता मिळतो. आमच्या तक्रारीत तोच घातला आहे. पावतीवर क्रमांक नसेल तर कार्डात पैसे भरू नका, 1,499 गेटवरच बुडाले असं धरा आणि गाडी वळवा.