वादी नत्रूनची डे टूर: मठ पाच स्टार, गाईड दोन स्टार

कैरोहून एका दिवसाची वादी नत्रूनची, म्हणजे इजिप्तच्या वाळवंटातल्या जुन्या ख्रिस्ती मठांच्या खोऱ्याची टूर घेतलेली, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण ड्रायव्हर फार चांगला माणूस होता. अलेक्झांड्रियाच्या डेझर्ट रोडने साधारण शंभर किमी. पण मध्येच न विचारता पपायरसच्या दुकानात नेऊन बसवलं, चाळीस मिनिटं गेली, आणि मग बारामूसचा मठ नेमका "वेळ नाही" म्हणून कटाप. चार मठ आहेत इथे, आम्हाला दोनच दाखवले, सूरियन आणि अंबा बिशोय.

जाहिरातीत लिहिलेलं "सेंट अँथनी जिथे राहिला तिथे चला". अहो, वाळवंटात एकटा राहणाऱ्या या साधूचा, अँथनीचा मठ तांबड्या समुद्राकडे, तिकडे वेगळा दिवस काढावा लागतो! इथे आला तो मकॅरियस नावाचा साधू, इ.स. ३३० च्या सुमारास. जुनं नाव स्केटिस. ममी वाळवायला जो नेट्रॉन क्षार वापरायचे तो इथल्याच तळ्यांतून यायचा, नत्रून नाव त्यावरूनच.

आता मुख्य तक्रार. गाईड उंच भिंतीसमोर उभा राहून म्हणाला, बघा, मठांची सुरुवात अशी झाली. आम्ही भराभर फोटो काढले. नंतर सूरियनमध्ये एक म्हातारे साधू भेटले, काळी टोपी, त्यावर भरतकामाचे क्रॉस, इंग्रजी छान. ते हसले आणि म्हणाले, भिंती फार उशिरा आल्या. पहिले लोक लांबलांब एकेकट्या खोपटात नाहीतर गुहेत राहायचे, आठवडाभर खजुरीच्या पात्यांच्या टोपल्या विणत प्रार्थना, त्या विकून पोट भरायचं, आणि शनिवार-रविवारी सगळे चर्चमध्ये जमून एकत्र उपासना आणि जेवण. पाचव्या शतकात वाळवंटातल्या टोळ्यांचे हल्ले झाले, माणसं मारली गेली, मग लपायला बुरूज आले आणि नवव्या शतकात तटबंदी. बुरुजाला खाली दारच नाही, वरच्या मजल्यावर उचलता येणाऱ्या पुलावरून जायचं, हे बघून मग सगळं डोक्यात बसलं.

भिंतीच्या आत एकत्र राहायचं, एकच स्वयंपाकघर, कामं वाटलेली, सगळ्यांना एकच नियम, हे सुरू केलं पाखोमियस नावाच्या साधूने, तेही दूर दक्षिणेला ताबेन्नीसीला, ३२० च्या आसपास. हा आधी सैन्यात होता, त्यामुळे शिस्त कुठून आली ते लगेच कळतं 😄 अँथनी एकटा, पाखोमियसचं सगळंच एकत्र, आणि स्केटिस या दोघांच्या मधलं. एवढं गाईडने गाडीत दहा मिनिटांत सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? तो फोनवर होता.

सूरियनचं चर्च मात्र चुकवू नका. दहाव्या शतकातलं हस्तिदंताच्या नक्षीचं लाकडी दार आहे आणि प्लास्टरखालून निघालेली भिंतीवरची चित्रं. मी तिथेच रेंगाळलो म्हणून गाईड वैतागला.

टूर घेऊ नका, कैरोतून गाडी ठरवून जा, बारामूसपासून सुरू करा. ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाच्या दिवसांत काही मठ पाहुण्यांना बंद असतात, आधी फोन करून विचारा. अंगभर कपडे घाला, चर्चमध्ये चपला बाहेर. त्या साधूबाबांनी चहा पाजला, पैसे देऊ केले तर हातच मागे घेतला, आणि गाईडने मात्र परतताना टीप दोनदा मागितली.