सातेरी की मेलिफेरा: मुंबईच्या गच्चीवर पेटी ठेवण्यापूर्वी

मधमाश्यांची पहिली पेटी घेऊ पाहणाऱ्या मुंबईकरापुढे आपली सातेरी आणि युरोपातून आणलेली मेलिफेरा असे दोन पर्याय असतात. मेलिफेरा कितीतरी अधिक मध देते, म्हणून बहुतेकांचा कल तिच्याकडे जातो; माझ्या मते मात्र वसाहत जून ते सप्टेंबर हे चार महिने तग धरेल का, हे आधी पाहायला हवे.

थंड देशांत मेलिफेरा माश्या हिवाळ्यात एकमेकींना बिलगून घोस करतात आणि साठवलेल्या मधावर महिने काढतात. मुंबईत ती वेळ येत नाही. उलट पावसाळा सरला की फुलोरा वाढतो आणि वसाहत जोर धरते. म्हणून पेटीला उबेसाठी आवरण गुंडाळण्याचा तिकडचा सल्ला इथे पाळू नये, कारण आत दमटपणा कोंडून पोळ्यांना बुरशी लागते. आपल्याकडचा उपासमारीचा काळ पावसाचा आहे. झड लागली की माश्या दिवसेंदिवस बाहेर पडत नाहीत, पराग येईनासा होतो आणि राणीचे अंडी घालणे मंदावते.

या काळात दोघी अगदी वेगळ्या वागतात. सातेरी उपाशी राहिली की पेटी सोडून जाते. मेलिफेरा सहसा जात नाही, पण तिची वसाहत मोठी असल्याने साखरेचा पाक पुष्कळ लागतो, आणि वरोआ या माश्यांच्या अंगावर जगणाऱ्या बारीक परजीवी कोळीकीटकापुढे ती उपचारांविना खचते. सातेरी त्याची मूळ यजमान असल्याने, म्हणजे तो मुळात तिच्यावरच जगत आल्याने, ती त्याला बऱ्यापैकी आवरून धरते. तिला खरी भीती थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगाची आहे. १९९१-९२ पासून दक्षिण भारतात त्याने तिच्या असंख्य वसाहती संपवल्या.

पावसाआधी बळ मोजताना दोघींना एकच माप लावू नये. पेटीतली ज्यात माश्या पोळे बांधतात ती चौकट सातेरीची बरीच लहान असते, त्यामुळे माश्यांनी झाकलेल्या सहा चौकटी म्हणजे दोन्हीकडे सारखी संख्या नव्हे. मोजणी पहाटे, माश्या कामावर निघण्यापूर्वी करावी आणि अंडी-अळ्या किती चौकटींवर आहेत तेही पाहावे. दारावरच्या वर्दळीवरून अंदाज बांधू नये. मुलुंडच्या गच्चीवर पहिल्या वर्षी मी तेच केले होते: दाराशी झुंबड पाहून समाधान मानले, आणि चार दिवसांनी झाकण काढले तर दुसऱ्या वसाहतीच्या माश्यांनी मध लुटून नेला होता, कोरड्या पोळ्यांवर मेणपतंगाच्या अळ्यांची पांढरी जाळी पसरली होती. आता पावसात पेटी न उघडता मागची कड बोटभर उचलून वजन पाहते. हलकी लागली की संध्याकाळी पाक आत ठेवते.

फुलोऱ्यामागे पेट्या ट्रकने हलवण्याची सोय असलेल्याने मेलिफेरा जरूर घ्यावी. एकाच गच्चीवर पेटी ठेवणाऱ्याने सातेरी घ्यावी, तीही मे महिन्यात नव्हे तर ऑक्टोबरात, म्हणजे पहिल्या पावसापूर्वी वसाहतीला वाढायला सात-आठ महिने मिळतात.