कटिंग रूम फ्लोर: स्कायरिममधून गाळलेल्या गावांचा जीर्णोद्धार

स्कायरिम हा व्हिडिओ गेम खेळायला घेतलेला जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या तासाभरात रिव्हरवुड या गावी पोहोचतो. तिथे नदीकाठी एक सॉ मिल आहे. फळ्यांच्या उतारावरून वर चढून तिचा दांडा ओढला, की भलामोठा ओंडका कुरकुरत पुढे सरकतो, पात्याखाली जातो, त्याचे दोन भाग होतात आणि ते बाजूला घरंगळतात. एवढे झाल्यावर पुढे काहीच घडत नाही. कोणी मजुरी देत नाही, दुकानात कशाचे भाव बदलत नाहीत. त्याच आवारात कुऱ्हाडीने सरपण फोडले तर मात्र नगाला ५ नाणी मिळतात. मूळ गेममध्ये या दांड्याला काही काम नाही, तरी तो ओढता येतो, त्याला आवाज आहे, त्याची हालचाल बारकाईने घडवलेली आहे. गेम प्रसिद्ध होण्यापूर्वी निर्मात्यांनी गावागावांच्या अर्थव्यवहाराविषयी, खेळाडूच्या कृतीचा त्या व्यवहारावर होणाऱ्या परिणामाविषयी बरेच सांगितले होते. त्या आराखड्यातले फार थोडे अंतिम गेममध्ये उतरले, हे या सॉ मिलपाशी उभे राहिले की लक्षात येते.

स्कायरिमच्या प्रकाशनाची ११ नोव्हेंबर २०११ ही तारीख डिसेंबर २०१० मध्येच जाहीर झाली होती. तारीख अशी ठरून गेली आणि तो गेम एक्सबॉक्स ३६० व प्लेस्टेशन ३ या कन्सोलच्या, म्हणजे गेम खेळण्याच्या यंत्रांच्या, प्रत्येकी जेमतेम ५१२ एमबी मेमरीत बसवायचा असला, की काय ठेवायचे यापेक्षा काय सोडायचे याचेच निर्णय अधिक घ्यावे लागतात. खुल्या जगाच्या गेममध्ये मात्र सोडलेली गोष्ट सहसा पूर्णपणे पुसली जात नाही. एका पात्राची नोंद दहा ठिकाणी जोडलेली असते, ती उपटायला गेले तर भलतेच काही मोडण्याची भीती असते, आणि म्हणून ती तशीच मुख्य फाइलमध्ये राहते, फक्त तिच्याकडे जाणारी वाट बंद केली जाते. फेब्रुवारी २०१२ मध्ये क्रिएशन किट हे संपादनाचे साधन सर्वांसाठी विनामूल्य खुले झाले आणि अशा बंद वाटा शोधणे कोणालाही शक्य झाले. त्या शोधातून उभ्या राहिलेल्या मॉडपैकी, म्हणजे खेळाडूंनीच गेममध्ये केलेल्या बदलांपैकी, मला सर्वांत जवळचा वाटणारा 'कटिंग रूम फ्लोर' या मॉडचे हे परीक्षण आहे. आर्थमूर या टोपणनावाने काम करणाऱ्या मॉडकाराने तो केला आहे, तो विनामूल्य आहे, आणि मी तो पीसीवर स्कायरिमच्या २०१६ च्या स्पेशल एडिशन या आवृत्तीत वापरला. त्यासाठी त्याच वर्तुळातील, गेममधल्या चुका दुरुस्त करणारा अनऑफिशियल पॅच आधी बसवावा लागतो.

या मॉडने परत आणलेल्या गोष्टी अनेक प्रकारच्या आहेत: जगात कधी उतरवलीच न गेलेली पात्रे, अर्ध्यावर सोडलेली कामे, कुठल्याही दुकानात वा पेटीत न पोहोचलेल्या वस्तू. त्याचा प्राण मात्र गावांत आहे. हेल्यार्चेन, फ्रॉस्ट रिव्हर आणि बार्लीडार्क फार्म ही ठिकाणे मूळ गेमच्या नकाशावर नव्हती. मॉड बसवल्यावर ती नकाशावर येतात.

यांपैकी हेल्यार्चेनविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये आलेल्या हार्थफायर या विस्तारामुळे खेळाडूला स्वतःचे घर बांधता येऊ लागले. त्यासाठी ज्या तीन जागा विकत मिळतात त्यांपैकी डॉनस्टारच्या यार्लच्या, म्हणजे तिथल्या शासकाच्या, अखत्यारीतील जागा ५,००० नाण्यांना मिळते आणि तिथे बांधल्या जाणाऱ्या वास्तूचे नाव आहे हेल्यार्चेन हॉल. ते घर मी स्वतः बांधले होते. पाया, भिंती, छप्पर, मागचा वाफा, सगळे एकेक करून. तेव्हा हे नाव कुठून आले असा प्रश्न मला पडला होता. तलावाकाठच्या घराला लेकव्ह्यू म्हटलेले समजते. पण हेल्यार्चेन म्हणजे काय, याचा खुलासा आसपासच्या त्या मोकळ्या माळावर कुठेही होत नव्हता. आपल्याकडे एखाद्या शेताला किंवा नाक्याला उठून गेलेल्या वस्तीचे नाव चिकटून राहते आणि पुढच्या पिढीला त्याचा अर्थ लागत नाही, तसे ते होते. मॉड बसवल्यानंतर मी त्या गावात पहिल्यांदा गेलो तेव्हा संध्याकाळ होती. मोजकी घरे होती आणि त्यांत आपापल्या कामात असलेली मोजकी माणसे होती. माझ्याकडे पाहून कोणी धावत आले नाही, जगावर आलेल्या संकटाची वार्ता कोणी सांगितली नाही. इतकी वर्षे ज्याचे नाव मी घराच्या दारावर लावले होते, ते गाव तिथे होते.

हे गाव सामान्य आहे, हाच मला या मॉडचा सर्वांत मोठा गुण वाटतो. मॉड करणाऱ्याच्या हाती मोकळी जमीन आली की तिथे किल्ला बांधावा, किल्ल्यात अजिंक्य तलवार ठेवावी आणि तलवारीला स्वतःचे नाव द्यावे, असा मोह होणे स्वाभाविक असते. इथे तो आवरलेला दिसतो. जे मूळ फायलींत स्पष्टपणे दिसते तेच, आणि जिथे परत आणणे व्यवहार्य आहे तिथेच परत आणायचे. जिथे दुवा तुटला आहे तिथे थोडासा तर्क लढवायचा आणि तिथेच थांबायचे, असे धोरण मॉडच्या वर्णनातच सांगितलेले आहे आणि ते पाळलेलेही आहे. आपल्याकडच्या जुन्या देवळांच्या जीर्णोद्धाराचे दोन प्रकार सर्वांनी पाहिलेले आहेत. एका प्रकारात काळ्या दगडावर ऑइलपेंट चढतो, सभामंडपात चकचकीत फरशी येते आणि मूळ कोरीवकाम कुठे होते ते शोधावे लागते. दुसऱ्या प्रकारात निखळलेला दगड त्याच्या जागी परत बसवला जातो, आणि काम झाल्यावर काही काम झाले होते हेच जाणवत नाही. कटिंग रूम फ्लोर हा दुसऱ्या प्रकारातला जीर्णोद्धार आहे. मी मित्राच्या संगणकावर तो बसवून दिला, तेव्हा तीन आठवडे खेळल्यावरही त्याला मूळचे काय आणि परत आणलेले काय, हे सांगता आले नाही. या मॉडसाठी याहून मोठी पावती मला सुचत नाही.

या अदृश्यपणाची एक अडचणही आहे. कुतूहलाने येणाऱ्या खेळाडूला, म्हणजे ज्याला गाळलेले काय होते हे पाहायचेच आहे त्याला, गेमच्या आत कसलीही खूण मिळत नाही. समोरचा माणूस मूळचा आहे की पुनर्स्थापित, हे कळण्यासाठी बाहेर जाऊन वर्णने आणि बदलांच्या नोंदी वाचाव्या लागतात. मूळ निर्मात्यांनी ६०,००० हून अधिक संवाद ध्वनिमुद्रित केले होते असे सांगितले जाते, आणि त्यांतले काही न वापरलेले संवाद फायलींत सापडतातही; परंतु ज्या माणसासाठी कधी ध्वनिमुद्रणच झाले नाही त्याच्या तोंडी शब्द कोठून आणणार? त्यामुळे काही रहिवासी ठरावीक वाक्यांपलीकडे बोलत नाहीत. मला ते खटकले नाही, कारण मूळ गेममधले अनेक शेतकरीही तितकेच बोलतात. संवादांच्या अपेक्षेने येणाऱ्याची मात्र निराशा होईल.

बसवण्याविषयी एक अनुभव सांगतो. माझ्याकडे गावांचे रूप बदलणारा आणखी एक मॉड आधीपासून होता, आणि दोघांचा मेळ न बघता मी दोन्ही चालू केले. परिणामी एका वस्तीत घराच्या भिंतीतून पाइनचे झाड बाहेर आले आणि एक बाई दिवसभर कुंपणात चालत राहिली. दोष माझ्या घाईचा होता. जोडपॅच शोधून क्रम नीट लावल्यावर सगळे जागेवर आले. जगाच्या भूगोलाला हात लावणारा कुठलाही मॉड नव्या खेळापासून सुरू करावा आणि मध्येच काढू नये, हा नियम इथे कटाक्षाने पाळावा. स्पेशल एडिशनमध्ये मॉड चालू असताना अचीव्हमेंट्स, म्हणजे खेळातल्या कामगिरीबद्दलची पदके, मिळत नाहीत, हेही ज्यांना त्यांचे महत्त्व आहे त्यांनी लक्षात घ्यावे.

आता यादवी युद्धाविषयी, कारण स्कायरिममधून काय गाळले गेले हा विषय निघाला की त्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही. एका बाजूला सॉलिट्यूडमध्ये बसलेला साम्राज्याचा सेनापती टुलियस, दुसऱ्या बाजूला विंडहेल्मचा बंडखोर उल्फ्रिक स्टॉर्मक्लोक, आणि मध्ये वाटणी झालेले नऊ होल्ड, म्हणजे परगणे, असा हा संघर्ष गेमच्या पहिल्या दृश्यापासून आपल्या समोर ठेवला जातो. त्यातली व्हाइटरनची लढाई खरोखर उत्तम आहे: जळते गोळे तटावरून येतात, अडथळे फोडावे लागतात, ओळखीचा बाजार धुराने भरून जातो. त्यानंतर मात्र हे युद्ध आक्रसत जाते. एकेका होल्डचा निकाल आडबाजूच्या किल्ल्यावर लागतो, शत्रूचे किती टक्के सैनिक उरले याचा आकडा शून्याकडे सरकत जातो, आणि दूरच्या राजधानीत यार्लच्या आसनावरची व्यक्ती बदलते. मार्कार्थ आणि रिफ्टन यांसारखी तटबंदीची शहरे या युद्धात वेढा न पाहताच हात बदलतात. शेवटी सॉलिट्यूड किंवा विंडहेल्म यांपैकी एकावर चढाई होते आणि नाट्य संपते.

मूळ आराखडा याहून मोठा होता, हे फायलींत उरलेल्या स्क्रिप्टवरून आणि संवादांवरून दिसते: इतर शहरांवरचे हल्ले, शत्रूने उलटून केलेली चढाई, आणि खेळाडूच्या वाट्याला येऊ शकणारा पराभव. हे सगळे का सोडले गेले असावे, याबद्दल माझा तर्क असा की शेकडो सैनिक एकाच वेळी दाखवणे त्या काळच्या कन्सोलना झेपणारे नव्हते, आणि ज्या शहरात डझनभर इतर मोहिमांची पात्रे राहतात त्या प्रत्येक शहरात लढाई पेटवली तर त्या मोहिमा सुरक्षित ठेवणे फार कठीण झाले असते. पराभवाची शक्यता गेली याचे मला सर्वांत अधिक वाईट वाटते. ज्या युद्धात आपण हरूच शकत नाही, त्यात बाजू निवडताना मन कचरत नाही, आणि उल्फ्रिक की साम्राज्य हा प्रश्न इतक्या ताकदीने मांडलेला असताना तो कचरायला हवा होता.

कटिंग रूम फ्लोर हे वेढे परत आणण्याच्या वाटेला जात नाही. सुरुवातीला मला ही उणीव वाटली. आता ते योग्य वाटते. ज्यांनी हे काम स्वतंत्र मॉडच्या रूपाने हाती घेतले त्यांनी शहरांचे वेढे आणि पराभवाची शक्यता परत आणली खरी, पण ते करताना त्यांना मूळ सामग्रीच्या बरेच पलीकडे जावे लागले, नवे नियम रचावे लागले. ते धाडस मोलाचे आहे, पण ते नवे बांधकाम आहे. पडलेला एक वासा पाहून पूर्ण वाडा कसा होता हे ठरवणे, आणि तो वासा उचलून त्याच्या खोबणीत बसवणे, ही दोन वेगळी कामे आहेत. आर्थमूर यांनी दुसरे काम निवडले.

विंडहेल्मचा आखाडा हे याच सीमारेषेवरचे उदाहरण आहे. पीसीवर आज्ञा टाइप करायची खिडकी उघडून योग्य आज्ञा दिली तर मूळ गेममध्येही त्या आखाड्याच्या खोलीत पोहोचता येते. तिथे मी एकदा गेलो होतो. जागा बांधलेली आहे, लढतीसाठी खोलगट मैदान आहे, आणि एकही माणूस नाही. द्वंद्वाचा हा सगळा उपक्रम कोणीतरी कल्पिला, त्याची वास्तू उभी केली, आणि मग दार लावून घेतले. अशा जागी उभे राहिल्यावर 'अपूर्ण' या शब्दाचा अर्थ नीट कळतो. असे असूनही तो जसा आहे तसाच परत आणला असता तर रिकाम्या मैदानाशिवाय हाती काही आले नसते.

स्वतः निर्मात्यांनी पुढे येऊन अशी पोकळी भरल्याची उदाहरणेही आहेत. २०२२ च्या एल्डन रिंग या गेममध्ये नेफेली लू आणि केनेथ हेट यांच्यासारख्या पात्रांच्या कथा मध्येच थांबत होत्या. मार्च २०२२ च्या १.०३ या अपडेटने त्यांचे पुढचे टप्पे दिले. स्कायरिमच्या गावांना तो योग लाभला नाही. स्पेशल एडिशन आली, २०२१ मध्ये अॅनिव्हर्सरी एडिशनही आली, पण हेल्यार्चेन गाव अधिकृतपणे परतले नाही. ते एका खेळाडूच्या चिकाटीने परतले, आणि त्यासाठी त्याने एक पैसाही मागितला नाही.

पहिल्यांदाच स्कायरिम खेळणाऱ्यांनाही मी हा मॉड पहिल्या दिवसापासून बसवायला सांगेन, कारण त्यात मूळ अनुभवाला धक्का लावणारे काही नाही. पूर्वी खेळून झालेल्यांनी मात्र एक करावे. हेल्यार्चेन हॉलची जागा आधी विकत घ्यावी, घर पुरे बांधावे, आणि त्यानंतरच पायी गावाकडे जावे. नकाशावरून थेट उडी मारू नये.