सनटूर एक्ससीटी चिमटा: जांबोटीकडचा पावसाळा आणि ग्रीसचा हिशेब

एसआर सनटूरचा एक्ससीटी म्हणजे गिअरच्या स्वस्त सायकलींना बसून येणारा, पुढचं चाक धरून धक्के झेलणारा स्प्रिंगचा चिमटा (फोर्क). पोलादी नळे (बहुतेकांत 28 एमएमचे), बहुधा 100 एमएम चाल (म्हणजे चिमटा किती दबतो ते), वजन अडीच किलोच्या आसपास. बेळगाव-निपाणी डांबरी रस्त्यावर तो नसला तरी चालतं. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडे वळलं की मात्र मनगटांना त्याची किंमत कळते. सलग खड्ड्यांत उसळतो, ही खोट आहेच.

वरची नॉब पिळली की स्प्रिंग कडक होते, हा गैरसमज. ती फक्त आधीच थोडी दाबून ठेवली जाते. नळा खालच्या पायात शिरतो तिथल्या रबरी सीलला टेकवून नळ्यावर झिप टाय बांधा, सावकाश बसा, उतरा. टाय 20 एमएमच्या आसपास सरकला की नॉब बरोबर लागली. नॉब पूर्ण सैल असूनही 10 च्या आत राहिला, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला जड आहे किंवा आतलं ग्रीस गेलंय.

आपल्याकडे बहुधा ग्रीसच गेलेलं असतं. तांबडी माती पिठासारखी बारीक. पाण्याबरोबर सीलखालून आत शिरते. गाडी धुण्याच्या प्रेशर पाइपने तर ती आतच ढकलली जाते. कंपनी 100 तास चालवल्यावर खालचे पाय (नळे ज्यात सरकतात ते) उतरवायला सांगते. कणकुंबीच्या पावसात तेवढी वाट पाहू नका: एकदा मे महिन्यात, एकदा दसऱ्याच्या आधी.

चाक आणि ब्रेक काढा. पायांच्या बुडाशी काहींना 10 चा नट, काहींना ॲलन बोल्ट असतो. नट खोल बसलेला असल्याने जाड पान्याचं तोंड आत जात नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर बाहेरून घासून घेतलेलं सॉकेट उत्तम. नट नुसताच फिरत राहिला तर चिमटा दाबून धरा, आतला दांडा अडतो. पाय ओढून काढा, बुश (पायाच्या आतल्या, नळा सरकतो त्या बांगड्या) आणि सील कोरड्या फडक्याने पुसा. पेट्रोल नको, रबर फुगतं. लिथियमचं बेअरिंग ग्रीसही नको. सस्पेन्शनचं ग्रीस बुशना आणि सीलच्या आतल्या कडेला बोटाने भरा. नळ्यावर डब्ल्यूडी-40 चा फवारा मारणं हा सगळ्यात वाईट उपाय, उरलंसुरलं ग्रीसही धुऊन जातं.

पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. खटखट सीलपाशी बोटाला लागली तर बुश झिजलेत, हँडलखालच्या कपापाशी लागली तर हेडसेट (हँडल फिरतं ते बेअरिंग) सैल आहे. नळ्याच्या क्रोमवर नखाला अडणारे गंजाचे खड्डे दिसले, तर ग्रीसवर पैसे घालू नका. ते खड्डे प्रत्येक दाबाला सील कापत राहतात. तिथे नवा चिमटाच घ्या.