पॉवर मॅक जी५च्या कॅबिनेटमध्ये आजचा पीसी : एका रूपांतराचे परीक्षण

२००४ पासून पाच वर्षे मी पुण्यात शनिवार पेठेतल्या एका डीटीपी स्टुडिओत अ‍ॅपलच्या पॉवर मॅक जी५ या संगणकावर दिवाळी अंकांची पाने लावत असे. अंक छपाईला जाण्याच्या आठवड्यात रात्ररात्र काम चाले, आणि टेबलाखाली ठेवलेल्या त्या यंत्राच्या मागच्या जाळीतून निघणारा गरम झोत भिंतीवर आपटून पायांवर येत असे. गेल्या वर्षी स्टुडिओने जागा बदलली तेव्हा अडगळीतून तेच यंत्र बाहेर निघाले. त्याचा मदरबोर्ड कधीच गेलेला होता आणि भंगारवाला अ‍ॅल्युमिनियमच्या वजनावर त्याचे पैसे लावत होता. तेवढेच पैसे देऊन मी ते घरी आणले आणि पुढचे तीन महिने सुट्टीच्या दिवशी खपून त्यात आजचा पीसी बसवला. एकाच मदरबोर्डासाठी घडवलेले हे कॅबिनेट आज बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांना कितपत सामावून घेते, त्यासाठी काय कापावे लागते आणि हा खटाटोप कोणी करावा, हे सांगण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

जून २००३ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी पॉवर मॅक जी५ जाहीर केला तेव्हा त्यातल्या आयबीएमच्या पॉवरपीसी ९७० या ६४ बिट प्रोसेसरची चर्चा अधिक झाली. पण तो प्रोसेसर तापत असे, आणि त्या उष्णतेची विल्हेवाट लावण्यासाठी जे कॅबिनेट घडवले गेले ते मला आजही त्या यंत्राचा सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग वाटते. ५१.१ सेंमी उंच, २०.६ सेंमी रुंद आणि ४७.५ सेंमी खोल अशा या अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीत चार स्वतंत्र उष्णता-कप्पे आणि नऊ पंखे होते. ड्राइव्ह सर्वांत वर, त्याखाली कार्डे, त्याखाली प्रोसेसर आणि तळाशी एसएमपीएस (वीज पुरवणारी पेटी) अशी मांडणी होती; पुढच्या जाळीतून आत आलेली हवा आपापल्या कप्प्यातून सरळ मागे जाई. बाजूचे दार उघडले की आत आणखी एक पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा दिसतो. तो हवेला वाट दाखवण्यासाठी आहे. मागची एक कळ उचलली की दार हातात येते, एकही स्क्रू काढावा लागत नाही, आणि वीस वर्षांनंतरही माझ्या यंत्राची ती कळ नव्यासारखी बसते.

दोषही सांगितले पाहिजेत. वरच्या मुठी आणि खालचे पाय दिसायला सुंदर असले तरी त्यांच्या कडा बोटांत रुततात. अठरा किलोच्या आसपास वजन असलेले मूळ यंत्र जिन्यावरून नेताना मी हाताला फडके गुंडाळत असे. आतली रचना मोकळी केल्यावर वजन बरेच उतरते, तरी कड तीच राहते. दुसरे असे की हा पत्रा अ‍ॅनोडाइझ केलेला (संरक्षक थर चढवलेला) आहे आणि त्यावर पडलेला ओरखडा रंग लावून लपत नाही. त्यामुळे काम करताना बाहेरच्या पृष्ठभागावर सुतारकामाची चिकटपट्टी लावून ठेवणे आवश्यक आहे.

कॅबिनेट विकत घेताना एक गोष्ट जपून पाहावी. २००४ च्या २.५ गिगाहर्ट्झच्या आणि २००५ च्या क्वाड मॉडेलमध्ये प्रोसेसर द्रवाने थंड ठेवण्याची सोय होती, आणि काही यंत्रांत ते द्रव कालांतराने गळू लागले. प्रोसेसरच्या बरोबर खाली एसएमपीएस असल्यामुळे गळती थेट त्यावर उतरते आणि तळाचा पत्रा खाल्ला जातो. यंत्र आडवे करून तळाच्या कोपऱ्यांत पांढरट किंवा हिरवट चिकट थर दिसतो का, हे टॉर्च लावून पाहावे. आणि यंत्र चालू अवस्थेत असेल तर कृपा करून ते कापू नये. पाने लावण्याच्या क्वार्कएक्सप्रेस या प्रोग्रॅमची जुनी पाने आणि त्या काळचे मराठी फाँट उघडणारी यंत्रे आता फार थोडी उरली आहेत; ज्या स्टुडिओंकडे दिवाळी अंकांच्या जुन्या फायली पडून आहेत त्यांना चालू जी५ची गरज माझ्यापेक्षा जास्त आहे.

आता मूळ अडचणीकडे येतो. जी५मध्ये कार्डे वर आणि प्रोसेसर खाली आहे. १९९५ मध्ये इंटेलने आणलेल्या एटीएक्स या पीसी बोर्डाच्या प्रमाणित मांडणीत प्रोसेसर वर आणि कार्डे खाली असतात. त्यामुळे जी५च्या मागच्या बाजूची एकही खाच आजच्या बोर्डाच्या (यूएसबीसारख्या) कोणत्याही जोडणीसमोर येत नाही, आणि बोर्ड उलटा फिरवावा तर त्याच्या जोडण्या पुढच्या जाळीकडे जातात. म्हणजे मागचा पत्रा कापण्यावाचून मार्ग नाही. एटीएक्सच्या जोडण्यांची खिडकी १५८.७५ मिमी लांब आणि ४४.४५ मिमी रुंद असते, तिच्याखाली दर २०.३२ मिमीवर कार्डाची एक खाच येते, आणि ही सारी मापे बोर्डाच्या स्क्रूच्या छिद्रांशी बांधलेली असतात. बोर्ड आणि मागचा पत्रा यांचे एकमेकांशी असलेले नाते मिलिमीटरनेही हलून चालत नाही.

हे मला कागदावर समजले होते, हाताला समजले नव्हते. पहिल्या प्रयत्नात मी जी५चे मूळ स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकून स्क्रूने बसतो ते छोटे खांब) पक्कडीने पिळून काढले, मायक्रो-एटीएक्स या लहान आकाराच्या बोर्डाचा कागदी नकाशा पत्र्यावर चिकटवला, पॉलिश पेपरने जागा खरवडून नवे पितळी स्टँडऑफ अ‍ॅरल्डाइटने बसवले आणि एक पूर्ण दिवस ते सुकू दिले. बोर्ड बसला. ग्राफिक्स कार्ड लावताना मात्र त्याची मागची पट्टी खाचेच्या कडेला टेकली आणि कार्डाची सोनेरी कड स्लॉटमध्ये तिरकी राहिली. फरक दीड मिलिमीटरचा होता. ते सरळ करण्याच्या नादात मी कोपऱ्यातला स्क्रू थोडा जास्त आवळला आणि तो स्टँडऑफ चिकटवलेल्या थरासकट उपटून बोर्डाच्या खाली गडगडला. वीज चालू असती तर बोर्ड गेलाच असता. त्या दिवसापासून माझे मत ठाम आहे : ज्या जागी वजनदार कार्ड लटकणार आहे तिथला भार केवळ चिकटवलेल्या सांध्यावर टाकू नये.

दुसऱ्या प्रयत्नात मी भंगारातून शंभर रुपयांना एक साधे एटीएक्स कॅबिनेट आणले आणि त्याचा बोर्ड बसवण्याचा ट्रे व मागचा पत्रा एकमेकांना जोडलेल्या अवस्थेत अखंड कापून घेतला. कारखान्यात पंच झालेली छिद्रे आणि खाचा जशाच्या तशा मिळाल्याने मापांचा प्रश्नच मिटला. हा तुकडा जी५च्या पाठीत बसेल एवढे भोक पाडायचे काम तेवढे उरले, आणि ते मी घरी केले नाही. भोसरीतल्या एका लहान वर्कशॉपला त्याचे श्रेय दिले पाहिजे. तिथल्या मिस्त्रींनी आखणी पाहून पहिला प्रश्न विचारला तो असा की, ‘साहेब, जाळीचं भोक अर्ध्यात कापायचं की पूर्ण सोडायचं?’ अर्धवट कापलेल्या छिद्रांची कड करवतीसारखी दिसते आणि हाताला लागते, हे माझ्या लक्षातही आले नव्हते. त्यांनी रेघ दोन मिलिमीटर सरकवून छिद्रांच्या दोन ओळींच्या मधून नेली, पात्याला रॉकेल लावत सावकाश कापले आणि कानशीने कड मोडून दिली. सातशे रुपयांत झालेले हे काम तयार किटच्या तोडीचे आहे. तसे किट ब्रिटनमधील ‘द लेझर हाइव्ह’सारख्या छोट्या व्यवसायांनी बनवले आहेत आणि ज्यांना कापाकापी नको त्यांनी तो मार्ग जरूर पाहावा, पण वाहतूक आणि सीमाशुल्क धरता आपल्याकडे स्थानिक वर्कशॉप परवडते. कापल्यानंतर उरलेला अ‍ॅल्युमिनियमचा किस मात्र व्हॅक्यूमने आणि नंतर ओल्या फडक्याने तीनदा काढावा, कारण एक बारीक कणही बोर्डावर दोन टोके जोडू शकतो.

ट्रे बसवल्यावर जी तपासणी केली ती प्रत्येकाने करावी असे मी आग्रहाने सांगेन. मल्टिमीटर जोडणी सलग असली की वाजेल अशा स्थितीत ठेवून त्याची एक पिन एसएमपीएसच्या प्लगमधील अर्थिंगच्या टोकाला लावली आणि दुसरी कॅबिनेटच्या बाहेरच्या पत्र्याला लावली, तेव्हा मीटर वाजला नाही. ट्रेला लावली तेव्हा वाजला. अ‍ॅनोडायझिंग म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर, आणि तो वीज वाहू देत नाही. स्टीलचा ट्रे चार बोल्टांनी घट्ट आवळलेला असूनही बाहेरचे कवच अर्थिंगपासून तुटलेले होते. आत एखादी वायर सोलून पत्र्याला लागली असती तर संपूर्ण यंत्र विजेच्या भाराखाली आले असते आणि मी तीच मूठ धरून ते हलवले असते. एका बोल्टाखालची जागा चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडली, दातेरी वॉशर घातला, तिथून ट्रेपर्यंत जाड हिरवी वायर रिंगच्या टोकाने आवळली आणि मग मीटर सर्वत्र वाजू लागला.

एसएमपीएसच्या बाबतीत अनेक हौशी लोक जी५च्या मूळ पेटीतले सर्किट काढून तिथे नव्या एसएमपीएसचे सर्किट बसवतात. रूप टिकते हे खरे, परंतु उघड्या सर्किटमधले कपॅसिटर प्लग काढल्यावरही भार धरून ठेवतात आणि या कामाचे शिक्षण नसताना ते करणे मला पटत नाही. मी १२५ बाय १०० बाय ६३.५ मिमी मापाचा एसएफएक्स हा छोट्या आकाराचा एसएमपीएस न उघडता वरच्या ड्राइव्हच्या कप्प्यात बसवला आणि त्यासाठी एक पट्टी वाकवून घेतली. ती जागा मोकळीच होती. पूर्वी जिथे दोन हार्ड डिस्क आणि एक डीव्हीडी ड्राइव्ह मावत असे तिथले काम आता बोर्डावर आडवी बसणारी २२ बाय ८० मिमीची एक एनव्हीएमई (साठवणुकीची) पट्टी करते. एसएमपीएस मात्र ट्रेला एका छोट्या वायरने जोडावाच.

पुढच्या बटणासाठी सर्वांत जास्त संध्याकाळी गेल्या. पॉवरचे बटण, त्याचा पांढरा दिवा, हेडफोन, यूएसबी आणि फायरवायर (यूएसबीसारखी जुनी जोडणी) हे सारे एका लहान पाटीवर आहे, आणि तिच्या वायरींचा क्रम साध्या बोर्डाच्या पिनांशी जुळत नाही. मल्टिमीटर घेऊन बटण दाबत प्रत्येक जोडी शोधली, कागदावर लिहून घेतली आणि मगच वायरी सोल्डर केल्या. बटण, दिवा आणि यूएसबी चालतात. बटणाचा तो खोल, मऊ दाब तसाच राहिला याचा मला मनापासून आनंद आहे. मॅक स्लीपमध्ये गेला की हा दिवा श्वास घेतल्यासारखा हळूहळू कमीजास्त होत असे. माझ्या नव्या बोर्डावर तो नुसता लुकलुकतो.

आत रायझन ५ ७६००, बी६५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड, ३२ जीबी मेमरी आणि मध्यम लांबीचे ग्राफिक्स कार्ड आहे. पूर्ण एटीएक्स बोर्डाच्या मोहात पडू नये. ३०५ मिमी उंचीचा बोर्ड बसवण्यासाठी वरचा कप्पाही तोडावा लागतो आणि मग या कॅबिनेटची हवेची शिस्त उरत नाही. मी वरचा कप्पा ठेवला, पुढे १२० मिमीचे दोन आणि मागे एक पंखा लावला, आणि हवा पूर्वीसारखीच सरळ पुढून मागे नेली. पुण्यातल्या मे महिन्यात, खोलीत ३४ अंश असताना, अर्धा तास व्हिडिओ एन्कोड करूनही प्रोसेसर ७८ अंशांच्या वर गेला नाही. ६५ वॅटचा हा प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत चालू शकतो, त्यामुळे मी निश्चिंत आहे. पंख्यांचा आवाज दारामागे दबतो आणि रात्रीच्या शांततेतही कानाला टोचत नाही. मूळ पारदर्शक पडदा मात्र ट्रेमुळे बसत नाही. त्याच मापाचा अ‍ॅक्रिलिकचा तुकडा कापून पाहिला तेव्हा ग्राफिक्स कार्डाची हवा कोंडली आणि ते सहा अंशांनी जास्त तापले, म्हणून तो काढून टाकला.

ज्यांना केवळ जुने रूप हवे आहे त्यांनी हे करू नये. याच पैशांत आणि याच वेळात कोणतेही साधे कॅबिनेट अधिक सोयीचे पडेल : पुढे यूएसबी-सी मिळेल, केबल लपवायला जागा मिळेल आणि द्रवाने थंड करणारा रेडिएटर बसेल. मॅक प्रो या २००६ नंतरच्या त्याच घडणीच्या भावंडाचे कॅबिनेट मृतावस्थेत मिळत असेल तर तेही पाहावे, कारण त्यात एसएमपीएस वर आहे आणि खालची जागा सलग मिळते. पण ज्यांच्याकडे बंद पडलेला जी५ आहे, ज्यांनी त्यावर काम केले आहे आणि ज्यांना मीटर व कानस हातात धरायची सवय आहे, त्यांना मी हे काम बिनदिक्कत सुचवेन. बाजारात आज मिळणाऱ्या महागड्या कॅबिनेटमध्येही इतक्या जाड पत्र्याचे आणि असे दार मी पाहिलेले नाही.

दोन गोष्टी अजून राहिल्या आहेत. ट्रेच्या कडेमुळे दार किंचित थरथरत होते, तिथे आतून हार्मोनियमला लावतात तशी फेल्टची पट्टी चिकटवली आहे. पावसाळ्यात ती टिकते का ते पाहायचे आहे. आणि पुढचे फायरवायरचे तोंड रिकामे आहे. स्टुडिओतला जुना स्कॅनर फायरवायरचाच होता आणि तो अजून चालतो, म्हणून बोर्डावरच्या मोकळ्या स्लॉटसाठी एक फायरवायर कार्ड मागवले आहे.